आमच्या घरातलं जिराईत जनावर

माझी धाकटी जाऊ नैरोबीला राहते आणि मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे मी जिराफाबद्दल बरंच बोलणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की बाईला प्राण्यांची काय आवड. आवड आहेच. पण माझ्या पोटात आवड आणि हेवा एकाच डब्यात ठेवलेत. एक काढायला गेलं की दुसरं हाताला लागतंच.

मी बुऱ्हाणपुरात लालबागला राहते आणि एका शाळेत विज्ञान शिकवते. शिकवते हिंदीतून, चिडते मराठीतून. जिराफाशी माझी ओळख जाऊबाईच्या फार आधीची. माझं माहेर जसोंडीचं. तिथे आमच्या शाळेच्या भिंतीवर कुणा पेंटरने प्राणी काढले होते. हत्ती नीट बसला, वाघ नीट बसला, आणि जिराफाच्या वेळी जागा संपली. वर पत्रा आला. मग त्या पेंटरने जिराफाची मान मधूनच वळवली आणि डोकं खाली आणून ठेवलं. कितीतरी वर्षं मी समजत होते की जिराफ जमिनीकडे बघत चालतो, काहीतरी हरवल्यासारखा. कॉलेजात गेल्यावर खरं काय ते वाचलं, आणि मग वाचतच गेले. अजूनही वर्गात प्राणी आले की मी कुठूनही फिरून जिराफावर येते. मुलांना ते माहीत आहे. एखाद्या दिवशी गृहपाठ झाला नसला की कुणीतरी हात वर करून मुद्दाम जिराफाचं काहीतरी विचारतं आणि तास निघून जातो.

एवढं असून मी आजवर एकही जिवंत जिराफ पाहिलेला नाही. शाळेची सहल घेऊन एकदा एका प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिथे वाघ होता, मगरी होत्या, माकडं तर फुकटची बाहेरही होती. जिराफ नव्हता.

आता जाऊ. माझे दीर नैरोबीला एका सूतगिरणीत आहेत. बुऱ्हाणपूरचा माणूस, सुताचं त्यांना काही शिकवावं लागलं नाही. लग्नानंतर धाकटी जाऊही तिकडे गेली. ती केळीवाल्यांची मुलगी. तापीच्या काठाला त्यांची जमीन, विहिरींना बारमाही पाणी, आणि लग्नात तिच्या मामाने मांडवाला लावायला घडासकट केळी पाठवल्या होत्या. दोन-चार नाही, मांडव दिसेनासा होईल इतक्या.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी एकच विचारतात: बागाईत की जिराईत? बागाईत म्हणजे पाण्याखालची जमीन, केळीची. जिराईत म्हणजे पावसाच्या तोंडाकडे बघत बसणारी, कपाशी-तुरीची. माझ्या वडिलांची सगळी जिराईत. मी सून होऊन आले तेव्हा सासूबाई बघायला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, "जिराईतातली आहे, पण शिकेल आहे." तो 'पण' मी अजून विसरलेली नाही. धाकटी आली तेव्हा त्यांना 'पण' लागला नाही. नुसतं म्हणायच्या, "बागाईतातली आहे." त्यावर बायकाही माना डोलवायच्या आणि चहा प्यायच्या.

जाऊ तिकडे गेल्यावर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. सासूबाईंनी घेतला. बोलणं तुटत होतं. सासूबाई मोठमोठ्याने "काय? काय म्हणते?" करत होत्या. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता.

"तिकडं सगळं जिराईतच आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "जिकडं पाहावं तिकडं जिराईतच जिराईत. आणि हिले त्याचं कवतिक."

मला काही वेगळं वाटलं नाही. म्हटलं, असेल, आफ्रिका आहे, कोरडा मुलूख. पण सासूबाईंच्या जिवाला ते लागलं. शेजारणी यायच्या, हळहळायच्या. एवढा हुशार पोरगा, केळीचा मुलूख सोडून जिराईतात जाऊन पडला. जाऊबाईच्या आईचाही फोन येऊन गेला, आमच्या मुलीला तिकडे पाण्याचे हाल तर नाहीत ना. मी सगळ्यांना चहा करून देत होते. खरं सांगू, मला ते दिवस फार सुखाचे गेले. माझ्यासारखीच तीही आता जिराईतातली झाली, असं वाटायचं आणि भाकरी दोन घास जास्त जायची.

मग घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा पहिला व्हिडिओ आला. बाभळीसारखं एक काटेरी झाड, आणि त्याच्या फांदीला गुंडाळलेली काळपट निळी जीभ. जीभ एवढी लांब की आधी मला साप वाटला. मग मागून डोकं आलं, ती लांब पापण्यांची, जगाशी काही घेणं नसल्यासारखी नजर आली. ज्याच्याबद्दल मी इतकी वर्षं बडबडत होते तो हा. आणि बघितला कुणी, तर हिने.

सासूबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. "हे काय आहे वं?"

"जिराफ आहे, आई."

"तेच म्हणते मी. जिराईत."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हसत सुटले. सासूबाई रागावल्या. मी त्यांना समजावलं की जाऊ जमिनीबद्दल बोलत नव्हती, या जनावराबद्दल बोलत होती, याचं नाव जिराफ. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि शेतकऱ्याच्या बाईने विचारावा तो प्रश्न विचारला.

"याले पाणी किती लागते?"

"फारसं नाही. जे पाणी लागतं ते पाल्यातूनच मिळतं त्याला. पाला ओला असला तर कितीतरी दिवस पाण्याकडे फिरकत नाही."

"मंग नाव बरोबरच ठेवलं," त्या म्हणाल्या. "जिराईतच आहे हे."

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव जिराईत पडलं ते पडलंच. मीही ते सुधारलं नाही. उलट मला बरं वाटलं. हे जनावर बागाईताचं नव्हतं, आमच्या बाजूचं होतं. जाऊबाईने ते कितीही बघितलं तरी त्याचं गोत्र माझंच.

पण व्हिडिओ काही थांबले नाहीत. जिराफ रस्ता ओलांडताना. जिराफ उंटासारखा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत चालताना. दोन नर शेजारी उभे राहून मानांनी एकमेकांना हाणताना, आणि त्याखाली जाऊबाईने लिहिलेलं, "कित्ती प्रेम करतात एकमेकांवर." मी लगेच खाली लिहिलं की हे प्रेम नाही, मारामारी आहे, कोण मोठा ते ठरतंय. माझ्या लिहिण्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. तिच्या व्हिडिओला सगळ्यांचे लाल बदाम, अगदी आमच्या यांचासुद्धा. मी यांना विचारलं, तर म्हणे, चुकून दाबलं गेलं.

मागच्या उन्हाळ्यात जाऊ महिनाभर इकडे आली. बुऱ्हाणपूरचा मे महिना, केळीची पानं उन्हाने चिरफळून जातात, आणि ही बाई आल्यापासून तजेलदार. येताना लाकडाचा एक जिराफ घेऊन आली. सासूबाईंनी तो टीव्हीच्या वर ठेवला. मी इतकी वर्षं टीव्हीवर विणलेला रुमाल टाकत होते. तो घडी करून कपाटात गेला.

संध्याकाळी लोक भेटायला यायचे. मी आत पोहे करायचे आणि ती बाहेर जिराफ सांगायची. तिचं सांगणं छान होतं, हे मला मान्य करावं लागेल, आणि ते मान्य करताना मला त्रास होतो. हात हलवायची, मान लांब करायची, मध्येच हिंदीत घुसायची, "इतना क्यूट ना, आई, क्या बताऊं." पण बोलायची ते निम्मं चुकीचं. एकदा म्हणाली, जिराफ नेहमी झाडाच्या अगदी शेंड्याचंच खातो, खालचं त्याला चालतच नाही.

मी झारा हातात घेऊन बाहेर आले. म्हटलं, "नर खातो शेंड्याचं, मान ताणून. मादी बरेचदा मान वाकवून खाते, खांद्याच्या उंचीचं, त्याच्याही खालचं. लांबून नर की मादी ते यावरूनही ओळखता येतं."

ती माझ्याकडे बघून गोड हसली. "वहिनी, पुस्तकात असेल तसं. मी तर रोजच बघते ना."

रोज. तो शब्द तिने किती सहज टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत गेले आणि तिचाच एक जुना व्हिडिओ शोधून काढला, त्यात मादी मान वाकवून झुडपाचा पाला खात होती. बाहेर नेऊन सगळ्यांसमोर दाखवला. ती म्हणाली, "अरे हां, खरंच की." आणि लगेच दुसरं काहीतरी सांगायला लागली. जिंकले मी, आणि तोंड माझंच पडलं. पोहे तोवर खाली लागले होते.

ती पाहत होती आणि तिला दिसत नव्हतं, ही माझी खरी पोटदुखी. पोटातून घास पुन्हा तोंडाकडे येताना जिराफाच्या मानेत तो चेंडूसारखा वर सरकताना दिसतो. मी वाचलंय. तिच्या एका व्हिडिओत तो सरकतो, अगदी स्पष्ट, आणि नेमकं तेव्हाच ती कॅमेरा फिरवून स्वतःचा गॉगल दाखवते. रवंथ करणाऱ्या जिराफापेक्षा गॉगल मोठा. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की हे म्हणाले, आता तूच रवंथ करतेयस.

आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तिने एक गोष्ट सांगितली होती, आणि मी तो महिना सगळा त्या एका गोष्टीवर काढला. दिरांच्या गिरणीकडून वर्षातून एकदा घरच्या एका माणसाला तिकडे नेता येतं. जाणं-येणं त्यांच्याकडून. "या वेळी दिवाळीनंतर कुणाला तरी नेणारच," ती म्हणाली. कुणाला, ते बोलली नाही.

मला जायचं होतं. याहून सरळ मला सांगता येत नाही. माझा पासपोर्ट तयार होता. दिरांनी मागे सासूबाईंचा काढला, तेव्हा 'आईंच्या सोबतीला असू द्या' म्हणून मी माझाही काढून घेतला होता. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा गल्लीभर झालं, मास्तरीणबाईंकडे पोलीस का. तो पासपोर्ट माझ्या लग्नाच्या शालूखाली होता, कोरा. पण मी मागणार नव्हते. ज्या घरात मला 'पण' लावून आणलं, त्या घरात मी बागाईतातल्या बाईकडे काही मागणार नव्हते. तिने म्हणावं, वहिनी, तुम्हीच चला, तुमच्याइतकं यातलं कुणाला कळतं. एवढीच माझी अपेक्षा. आणि मी त्याची वाट बघत बसले.

मध्ये माझ्या माहेरी भावाच्या मुलीची हळद होती. जसोंडीला जाताना जाऊही बरोबर होती. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली शेळ्या होत्या, पुढचे पाय खोडावर टेकवून मान ताणून पाला ओरबाडत होत्या. जाऊने गाडी थांबवायला लावली. "वहिनी, सेम झाड तिकडे! तुमच्या जिराईताचं." मी उतरले. एक फांदी खाली ओढली आणि तिला दाखवलं की एवढ्या काट्यांतून जीभ कशी जात असेल, आधी काट्यांच्या मधून, मग फांदीला वेढा घालून, मग पानं ओरपून घ्यायची. आणि हे झाडही गप्प बसत नाही म्हटलं. फार ओरबाडलं की ते पाला कडू करतं, म्हणून जिराफ एकाच झाडावर ठाण मांडत नाही, थोडं खातो आणि पुढच्या झाडाकडे जातो. माझ्या बोटातून रक्त आलं. ती फोनमध्ये मला टिपत होती. तिथल्या तिथे तो व्हिडिओ तिने नैरोबीच्या मैत्रिणींना पाठवला आणि म्हणाली, "आमची जिराफवाली वहिनी."

त्या दिवशी मी मनाने विमानात बसले होते. हळदीत मी नाचलेसुद्धा, जे मी कधी करत नाही.

ती परत जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शनवारा भागातल्या दुकानातून मावा जिलेबी आणली होती. सगळे जमिनीवर गोल बसलो होतो, मधे जिलेबीचं ताट. जाऊ बोटं चाटत म्हणाली, "मग दिवाळीनंतर माझ्याकडे कोण येणार?"

मी ताटाकडे बघत राहिले. माझी मान वर होईना. शाळेच्या भिंतीवरच्या त्या जिराफासारखी ती खालीच राहिली, आणि मनात मात्र म्हणत होते, आता म्हण, आता म्हण.

"आई, तुम्हीच चला ना," ती म्हणाली.

आणि कोण बोललं पहिल्यांदा, तर मी. "हो ना. आईंनीच जायला हवं. त्यांनी कुठे काय पाहिलंय." माझ्या तोंडातून ते इतक्या गोड आवाजात निघालं की मलाच माझा राग आला. सासूबाई लाजल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "मले जमंन का वं विमानात?" सगळे म्हणाले जमेल. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

सकाळी हे दाढी करताना आरशातूनच म्हणाले, "तुला जायचं होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"मागून घ्यायचं काय त्यात? तिला कळत नाही?"

"तूच सांगतेस ना, जिराफाचा आवाज कुणाला ऐकू येत नाही म्हणून."

"आवाज असतो. हुंकारासारखा. रात्री काढतो, अगदी खालच्या पट्टीत."

"मग दिवसा काढ म्हणावं जरा," हे म्हणाले आणि गालाला फेस लावू लागले. मी टॉवेल त्यांच्या खांद्यावर फेकला आणि शाळेत गेले. मे महिन्यात शाळेत काही काम नव्हतं तरी गेले.

दिवाळीनंतर सासूबाईंची तयारी मीच केली. करणार कोण दुसरं? जिराफांच्या माद्या पिल्लं एकत्र ठेवून चरायला जातात आणि एखादी मागे त्यांच्यावर नजर ठेवून उभी राहते. आमच्या घरात ती मागे राहणारी कोण, हे ठरवायला सभा घ्यावी लागत नाही. मी त्यांना स्वेटर घेतला, मेथीचे लाडू बांधले, पायमोज्यांची सवय लावली. आणि निघायच्या आधी एक गोष्ट सांगितली, इतकं सगळं गिळल्यावर एवढी एक.

"आई, जिराईत पाणी पिताना दिसलं तर नीट बघून या."

"पाणी पेतांना काय बघायचं? गाय पेते तसं पेत असंन."

"नाही. गायीसारखं नाही पीत. एवढं उंच जनावर, डोकं जमिनीवर न्यायचं म्हणजे त्याला संकटच. सिंह तेव्हाच धरतो. म्हणून फार कमी पितं, आणि पिण्याआधी खूप वेळ नुसतं उभं राहून बघतं. बाकीचं मी सगळं वाचून समजून घेतलं. हे एक मात्र डोळ्यांनी बघायचं होतं."

"होतं म्हणते," सासूबाई पिशवीत लाडवाचा डबा सरकवत म्हणाल्या.

त्या गेल्या आणि रोज व्हिडिओ कॉल यायला लागले. सासूबाई गॉगल घालून. सासूबाई कुठल्याशा बागेत बाकावर. मागे उभी जाऊ, त्यांच्या खांद्यावर हात टाकून. इतकी वर्षं पाय चेपले मी, आणि खांद्यावर हात तिचा. मी "वा, छान" म्हणायचे, फोन ठेवायचे आणि यांच्यावर खेकसायचे. हे बिचारे मुकाट्याने दुसऱ्या खोलीत जायचे.

मग एका रविवारी दुपारी मी गच्चीवर तूर पाखडत बसले होते, तर व्हिडिओ कॉल आला. फोनवर आधी नुसती सासूबाईंची हनुवटी दिसली, मग आभाळ, मग जीपचा दरवाजा. त्या कुजबुजत होत्या. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना कुजबुजताना ऐकलं.

"गप बस. बोलू नको. पाण्यावर आलं आहे."

"आई, द्या माझ्याकडे, मी नीट दाखवते," शेजारून जाऊचा आवाज.

"नाही. मीच दाखवते तिले."

फोन वळला. आणि मला तो दिसला, पाण्याच्या कडेला, काठावर, उभा. हलत नव्हता. पुढे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा पुढे. मी सूप बाजूला ठेवलं. तो एक पाऊल पुढे आला, आणि त्याने पुढचा एक पाय बाहेरच्या बाजूला सरकवायला सुरुवात केली.

आणि कॅमेऱ्यावर सासूबाईंचा अंगठा आला.

सगळं लालसर तपकिरी. अंगठ्याच्या कडेने नखाएवढा उजेड. आणि सासूबाईंचा आवाज, कुजबूज विसरलेला, "पाहिलं का? अवं, पाहिलं का? काय करते बघ हे."

मी 'आई, अंगठा' म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी म्हटलं, "हो, दिसतंय."

"सांग बरं मंग, काय करू राहिलं? मले सांग, तुले नीट दिसतं की नाही."

मी डोळे मिटले. मग सांगितलं. "पुढचे पाय फाकवतंय. एकदम नाही, थोडं थोडं, झटके देत. मध्येच थांबतंय, मान वर करून बघतंय. पुन्हा फाकवतंय. आता मान खाली चाललीये, पोहोचत नाहीये, अजून थोडे पाय फाकवले. आता पोहोचलं तोंड. पितंय. फार वेळ नाही पिणार. आता मान एकदम वर येईल आणि पाय उडी मारल्यासारखे जवळ येतील."

पलीकडे पाण्याचा खळखळाट झाला. कुणीतरी श्वास सोडला.

"बरोब्बर," सासूबाई म्हणाल्या. "अस्संच केलं. पाहिलं हिने सगळं, पाहिलं."

मग जाऊ बोलली. आवाज नेहमीचा नव्हता, बारीक झाला होता. "वहिनी, सकाळपासून आईंनी जीप इथून हलू दिली नाही. तिकडे सिंह होते, सगळे गेले बघायला. आई म्हणाल्या, माझ्या मोठीले जिराईत पाणी पेतांना बघायचं आहे. जेवण पण इथेच बसून." आणि पुढे म्हणाली, "मीही एवढी वर्षं त्यांची सून आहे. माझ्यासाठी त्या कधी अशा थांबल्या नाहीत."

मला बरं वाटलं. लाज वगैरे काही वाटली नाही, फार बरं वाटलं, उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. आणि त्या भरात इतके महिने घशात अडकलेलं एका दमात बाहेर आलं.

"पुढच्या वर्षी मी येणार आहे," मी म्हटलं. "ते एक तिकीट माझं. माझा पासपोर्ट काढलेला आहे, आणि तू विचारायची वाट मी आता बघणार नाही."

त्यावर सासूबाईच म्हणाल्या, "मंग? मी काय सांगून राहिले होते तुले इतके दिवस?" हे त्या मला म्हणाल्या की जाऊला, ते मला कळलं नाही. अंगठा अजून कॅमेऱ्यावरच होता, त्यामुळे जाऊबाईचा चेहरा कसा झाला ते काही दिसलं नाही. जिराफाचं एक वेळ राहू द्या, पण तेवढं मात्र मला बघायचं होतं.